मधल्या घरातलं नेटवर्क

१

“...बोटवाला म्हणे बोटीवर नाहीच. तो तर इथंच—”

लाँड्रीवाल्यानं पुढचं गिळलं, कारण तेवढ्यात मी दुकानाची पायरी चढले. त्याच्यासमोर उभी असलेली तळमजल्यावरची शिकवणीवाली एकदम हातातल्या चादरीकडे बघायला लागली, जणू चादर नावाची वस्तू जन्मात पहिल्यांदाच बघतेय.

“इथंच कुठं?” मी विचारलं.

“काही नाही हो काकू. हवापाण्याचं चाललं होतं.”

“हवापाण्यात बोट कुठनं आली?”

“पाणी म्हटलं की बोट आलीच,” असं म्हणून त्यानं इस्त्रीची वाफ सोडली आणि वाफेआड तोंड लपवलं.

मी कपडे घेतले आणि निघाले. पण अर्धवट ऐकलेली गोष्ट माझ्या जिवाला फार लागते. अख्खी वाईट बातमी एकवेळ परवडली. अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेली पेरूची बी.

बोटवाला म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या टोकाच्या घरातला मुलगा. मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला. वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. घरात त्याची आई आणि बायको. आईला अख्खी इमारत आजी म्हणते, आणि आजी बायकोला सूनबाई म्हणतात म्हणून आम्हीही सगळे तिला सूनबाईच म्हणतो. सूनबाईचे दिवस भरत आले होते. बाळ यायच्या आत तो घरी पोचायचा होता. पोर त्या एका गोष्टीवर दिवस ढकलत होती.

आमच्या मजल्यावर ओळीनं तीन घरं आहेत. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते, आणि मधलं घर बंद. मधले मालक मुलीकडे राहायला गेले ते किल्ली माझ्याकडे ठेवून. सगळ्यांच्याच किल्ल्या माझ्याकडे असतात. आमचे हे म्हणतात, “तू गावाला गेलीस की इमारतीला धडधड सुटते.” मधलं घर मी अधूनमधून उघडते, झाडते, हवा खेळवते. आत मालकांनी मागे ठेवलेली एक लाकडी खुर्ची, बाकी भिंती. खिडकीची कडी तुटली तेव्हा मीच माझ्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याची चिंधी फाडून खिडकी बांधून टाकली. पिवळं कापड, त्यावर लाल चेऱ्या.

हे एवढं ध्यानात ठेवा. मला नंतर ते फार आठवावं लागलं.

२

चारच्या चहाला मी रोज आजींकडे असते. आजींना डोळ्यांनी जेमतेम दिसतं, पण कान तिखट. चारलाच बोटवाल्याचा व्हिडिओ कॉल यायचा. सूनबाई लॅपटॉप टेबलावर मांडायची, आजींची खुर्ची पुढे ओढायची, मी कपबशी घेऊन कडेला. तसं माझं तिथं काही काम नव्हतं, पण कुणी कधी ऊठ म्हटलं नाही.

बोटीवरचं नेट म्हणजे नुसता धीर धरायचा प्रकार. आपण बोललेलं त्याला उशिरा पोचायचं आणि त्याचं आपल्याला त्याहून उशिरा. सुरुवातीला दोघं नवरा-बायको एकमेकांच्या बोलण्यावर आदळायची, मग दोघंही गप्प, मग पुन्हा दोघं एकदम. शेवटी त्यांनी एक रीत काढली. आपलं बोलून संपलं की ‘झालं’ म्हणायचं. ते ऐकू आलं की मगच समोरच्यानं तोंड उघडायचं.

“जेवलात का? झालं.”

मग थांबायचं. स्क्रीनवर तो नुसता आपल्याकडे बघत बसलेला. मग केव्हातरी, “जेवलो. आईचा गुडघा कसा आहे? झालं.”

आजीसुद्धा शिकल्या होत्या. “गुडघा आहे जागेवर. तू कधी येतोस ते बोल. झालं.” मलाही सवय जडली. एकदा ह्यांना म्हणाले, “येताना साबण आणा. झालं.” हे म्हणाले, “खरंच झालं, की अजून आहे?”

अफवा ऐकली त्याच आठवड्यात तो लॅपटॉप बिघडला. आधीच दोन-तीन दिवस कॉल आला नव्हता, पण बोटीवरचं नेट म्हणून आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं. नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का, असं तो रोज विचारायचा म्हणे, आणि सूनबाई रोज ‘नंतर’ दाबायची. त्या दिवशी चुकून ‘आत्ता’ दाबलं गेलं. सकाळभर लॅपटॉप आपल्याच तंद्रीत पडद्यावर चकती गोल गोल फिरवत बसला. दुपारी जागा झाला तो अगदी नवा कोरा, रंग वेगळे, चित्रं वेगळी. आणि वायफाय गायब.

“जोडलंय असं दाखवतंय काकू, पण नेट नाही म्हणतंय,” सूनबाई रडवेली झाली होती. “चार वाजत आले.”

“मोबाइलवरनं कर ना.”

“बोटीवरचा तो कॉल ह्याच्यावरच येतो. मोबाइलवर ते लागतच नाही.”

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो म्हणाला, “अपडेट घेतलंत ना? मग ड्रायव्हर बिघडला असणार.”

“बोटीला ड्रायव्हर नसतो, कप्तान असतो. सांग त्याला,” आजी म्हणाल्या.

“आजी, तो लॅपटॉपचं बोलतोय.”

“मग मला कशाला ऐकवताय?”

त्यानं सांगितलं तसं सगळं केलं. विमानाचं चित्र दाबलं, पुन्हा काढलं. लॅपटॉपला घरचं नेटवर्क विसरायला लावलं आणि पासवर्ड नव्यानं भरला. उपयोग शून्य. मग तो म्हणाला, राउटर बंद करून चालू करा आणि लॅपटॉप घेऊन जरा घरात फिरून बघा.

राउटर चपलांच्या कपाटावर होता. मी त्याचा प्लग उपसला. सूनबाई लॅपटॉप कडेवर घेऊन या खोलीतून त्या खोलीत, ताप आलेल्या पोराला फिरवावं तशी. आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, “लागलं! काकू, लागलं! पूर्ण रेघा आहेत!”

मी धावत गेले. ती पलंगाच्या पलीकडे भिंतीला अगदी चिकटून उभी होती. मधल्या घराच्या भिंतीला. स्क्रीनवर वायफायच्या रेघा भरलेल्या, आणि नेटवर्कच्या नावाच्या जागी काहीच नाही. कोरं. पासवर्डसुद्धा मागितला नव्हता त्यानं.

“बघा, राउटर बंद-चालू केला आणि सुटला प्रश्न,” ती हसली.

मी पण हसले. मग माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. प्लग अजून माझ्या हातातच होता.

३

असेल कुणाचं तरी, असं मी म्हटलं. इमारतीत घरोघरी राउटर आहेत. खालच्याचं वर येत असेल, वरच्याचं खाली. हवेला काय भिंती असतात?

आणि कॉल आला. त्याचा चेहरा इतका स्वच्छ की आजींनासुद्धा आकार कळला. एरवी त्याच्या तोंडाचे चौकोन व्हायचे, हनुवटी एकीकडे, डोळे दुसरीकडे. आज दाढीचा एकेक केस दिसत होता.

“अहो, किती छान दिसताय! तब्येत—”

“बरी आहे,” तो म्हणाला.

सूनबाई आनंदानं बोलत सुटली. मी मात्र कपबशी हातात धरून तशीच. तिचं ‘तब्येत’ पुरतं बाहेर पडायच्या आत त्याचं उत्तर आलं होतं. थांबणं नाही. उशीर नाही. शेजारच्या खोलीतून बोलावं तसं.

“आता ‘झालं’ म्हणायला नको!” सूनबाई म्हणाली.

“कशाला म्हणायचं?” तो म्हणाला आणि हसला.

आजींनी विचारलं, “कधी येतोस?”

तो सूनबाईकडेच बघत म्हणाला, “तू अशीच भिंतीपाशी बसत जा.”

तेवढ्यात आमच्या इमारतीच्या टाकीची मोटार सुरू झाली. ती सुरू होते तेव्हा आधी खोकते, मग घरघरते. ते खोकणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मला ते खिडकीतून ऐकू आलं. आणि लॅपटॉपमधूनही ऐकू आलं, त्याच्या बाजूनं.

“आपल्याकडचाच आवाज परत येतो काकू,” सूनबाई म्हणाली. “तसं होतं कधी कधी.”

होत असेल. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मला काय कळतंय त्यातलं? फक्त एवढं कळलं की खोकणं आधी लॅपटॉपमधून आलं होतं. खिडकीतून नंतर.

कॉल संपल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “गुडघा विचारला नाही त्यानं.”

“विसरला असेल हो.”

“माझा गुडघा तो विसरेल? त्याला खांद्यावर घेऊन पळताना पडले होते मी त्या गुडघ्यावर.”

४

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. सडपातळ माणूस, चष्मा कपाळावर. लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, बरंच काही उघडलं-मिटलं.

“नव्या आवृत्तीचं ह्याच्या वायफायशी पटत नाहीये. जुना ड्रायव्हर शोधून परत बसवावा लागेल. एक-दोन दिवस द्या मला.” मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण हे आत्ता कशाला जोडलंय?”

“शेजारचं आहे कुणाचंतरी,” सूनबाई घाईनं म्हणाली.

“नाव लपवलंय.” त्यानं खिशातून मोबाइल काढला, भिंतीपाशी धरला, खाली धरला, वर धरला. “माझ्या मोबाइलला तर हे दिसतच नाही. सगळ्या इमारतीची दिसताहेत, हे सोडून.” मग त्यानं लॅपटॉपवर काही दाबलं आणि थबकला. “हे जतन केलेलं आहे. म्हणजे ह्याला आधीपासून ओळखतोय तुमचा लॅपटॉप. कधी जोडलं होतंत?”

“कधीच नाही.”

“मग अपडेटनं घोळ घातला असेल.” डोकं चालेना की माणसं अपडेटवर ढकलतात, तसं त्यानं ढकललं. “थांबा, ‘हे नेटवर्क विसरा’ दाबतो. तुमचं घरचं—”

“नको!” सूनबाई इतक्या जोरात ओरडली की त्यानं हात मागे घेतला. “तेवढंच तर लागतंय. ते विसरलं तर माझा कॉल जाईल. तुम्ही आधी तो ड्रायव्हर आणा.”

तो माझ्याकडे बघून खांदे उडवून गेला. जिन्यात मी त्याला गाठलं आणि विचारलं, “म्हणजे हे नेट येतंय कुठून?”

“जिथे रेघा भरतात तिथून, काकू. दुसरं काय सांगू?”

५

चार वाजता मी पुन्हा तिथंच. आता टेबल आतल्या खोलीत आलं होतं, भिंतीला टेकवून. बोटवाला आला. पाठीमागे पांढरी भिंत. त्याच्या बोटीवरच्या खोलीलाही पांढरीच भिंत होती, त्यामुळे मी आधी लक्ष दिलं नव्हतं.

तो बोलता बोलता एका बाजूला कलला. मागे खिडकी दिसली. बोटीवरची खिडकी गोल होती, मला आठवतंय, कारण पहिल्यांदा बघितली तेव्हा मी “अगंबाई, वॉशिंग मशीनसारखी” म्हटलं होतं. ही चौकोनी होती. लाकडी. आणि कडीच्या जागी एक चिंधी बांधलेली. पिवळी. लाल ठिपक्यांची.

तो पुन्हा सरळ बसला आणि खिडकी झाकली गेली.

ठिपके होते, चेऱ्या नव्हत्या. असं मी स्वतःला सांगितलं. आणि चेऱ्या असल्या तरी काय? ते कापड काय माझ्या एकटीसाठी विणलं होतं? दुकानात अख्खा तागा होता. जगात कुठल्याही बंदरातल्या कुठल्याही खोलीत ते कापड असू शकतं. शिवाय माझा चष्मा जुना.

पण ती गाठ. मी गाठ मारते ती डावखुरी, एक कान लांब आणि एक आखूड. आमचे हे त्यावरून मला आयुष्यभर चिडवत आलेत.

मग दुसरा विचार आला. वाईटच होता, पण त्यानं जरा बरं वाटलं. लाँड्रीवाला म्हणाला होता, तो इथंच. म्हणजे पोरगा बोटीवरनं पळून आला असेल. काहीतरी भानगड करून. लपला असेल मधल्या घरात, बायकोला तोंड दाखवायची हिंमत नसेल. चीड आली मला, पण माणसाची चीड आली. तेवढाच आधार.

फक्त किल्ली माझ्याकडे होती. खिळ्याला. रोज दिसायची.

“साखर संपली वाटतं, माझ्याकडची आणते,” असं म्हणून मी उठले.

“साखर भरपूर आहे,” आजी म्हणाल्या.

“माझी जास्त गोड आहे,” म्हटलं आणि बाहेर पडले.

६

मधल्या घराचं कुलूप लागलेलंच होतं. उघडताना ते नेहमीसारखंच अडलं, नेहमीसारखाच दाराला गुडघा लावावा लागला.

आत ऊन होतं. उतरत्या दुपारचं पिवळं, निवांत ऊन. पहिल्या खोलीत काही नाही. जमिनीवर धुळीचा पातळ थर, त्यावर एक पाऊल नाही. मी टाकलेली माझीच पावलं मागे उमटत होती. मोठ्यानं म्हटलं, “कोण आहे रे? बाहेर ये, मी काही बोलणार नाही.” माझा आवाज मलाच परका वाटला.

आतल्या खोलीत गेले. खिडकी, चिंधी, गाठ, सगळं जसं बांधलं होतं तसंच. खुर्ची मी भिंतीला पाठ लावून ठेवली होती. आता ती खोलीच्या मध्ये होती, सूनबाईच्या भिंतीकडे तोंड करून. खुर्चीच्या पायांच्या मागे धुळीत ओढल्याची खूण नव्हती.

मीच ठेवली असेन अशी. झाडताना.

मग आवाज आला. सूनबाईचा. भिंतीतून येतो तसा दबका नाही. लहानशा यंत्रातून यावा तसा, चिरका, अगदी समोरून, हवेतून. “अहो, बाळाचे कपडे धुऊन ठेवलेत मी.” मग शांतता. कुणीतरी उत्तर देत असावं एवढी. मग ती खुदकन हसली.

आवाज नेमका कुठून येतोय ते बघायला मी पुढे वाकले आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

लाकूड गरम होतं. उन्हानं असेल, असं मी म्हणाले असते. पण ऊन खुर्चीपर्यंत येत नव्हतं. आणि उन्हानं तापलेलं लाकूड कोरडं असतं. हे जरा ओलसर होतं, आणि माझ्या तळव्याखाली ते हलकेच वर आलं आणि खाली गेलं.

मी कुलूप कसं लावलं, आठवत नाही.

आजींकडे परतले तेव्हा कॉल संपला होता. सूनबाई टेबलापाशी उभी, डोळे हे एवढे मोठे.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही ह्यांच्या मागे उभ्या होतात.”

“कुठं?”

“तिथं. खिडकीतून उजेड येत होता. तुम्ही आलात, इकडेतिकडे बघितलंत आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवलात.” तिचा चेहरा एकदम उजळला. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. “ते शेजारीच आहेत ना? मला चकित करायला आलेत ना? तुम्ही सगळे मिळून करताय हे!”

“तिथं कुणी नाहीये गं. रिकामी खोली आहे.”

“किल्ली द्या मला.”

“अगं—”

“ते आत्ताच म्हणाले. ‘काकूंकडे किल्ली आहे. मागून घे, आणि एकटीच ये.’ मला द्या किल्ली, काकू.”

आजन्म कुणी काही मागितलं आणि मी नाही म्हटलं असं घडलं नाही. वाटी मागा, शिडी मागा, रात्रीपुरती गादी मागा. त्या दिवशी मी किल्ली पदरात गुंडाळली आणि म्हटलं, “नाही.”

ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

७

रात्रभर मी विचार केला की हे ह्यांना सांगावं. सांगितलंही. हे म्हणाले, “तू लोकांच्या घरात इतकी डोकावतेस की आता लॅपटॉपमध्येही दिसायला लागलीस.” आणि कुशीवर वळले. पण सकाळी बघते तर ह्यांनी किल्ल्यांचा खिळा उपटून आमच्या खोलीत, आपल्या उशाशी ठोकला होता.

चारला आजींनीच मला हाक मारली. जिन्यात ऐकू जाईल अशी. “चहा टाकलाय. रुसवा तिचा आहे, माझा नाही.”

सूनबाई भिंतीपाशी बसली होती. मला बघून तिनं मान फिरवली. स्क्रीनवर तो होता. आज चेहरा आणखी जवळ आला होता. मागचं काहीच दिसत नव्हतं, नुसता चेहरा.

“आणलीस किल्ली?” तो म्हणत होता.

“देत नाहीत त्या.”

“मग तू फक्त त्या दारापाशी येऊन उभी राहा. मी—”

सूनबाईचा मोबाइल वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

“उचलू नकोस,” तो म्हणाला.

ती घुटमळली. “ऑफिसचा असेल हो, तुमच्या कंपनीचा—”

“उचलू नकोस. मी आहे ना समोर.”

मोबाइल वाजत राहिला. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. रुसवा-बिसवा सगळा विसरून, लहान पोर बघतं तसं. मी पुढे झाले, मोबाइल उचलला आणि आवाज मोठा केला.

खरखर. लांबच लांब खरखर. मग एक दमलेला, बसलेला आवाज.

“हॅलो... मी बोलतोय गं... बोटीवर नाही मी. ताप चढला, शुद्ध नव्हती, मला बंदरावर उतरवलं. दवाखान्यात आहे. कंपनीनं कळवलं होतं म्हणे, पण आपल्या जुन्या नंबरावर. हा नर्सचा फोन आहे... आईचा गुडघा कसा आहे? ...झालं.”

आणि तो थांबला. नीट थांबला. आपलं बोलणं पोचायला वेळ लागतो हे ठाऊक असलेला माणूस थांबतो तसा.

सूनबाई मोबाइलकडे बघे, मग स्क्रीनकडे. स्क्रीनवरच्यानं मान तिरकी केली होती. तो ऐकत होता. त्याचे ओठ हलले, आवाज न करता, नव्या शब्दाची चव घ्यावी तसे.

मग तो हसला आणि म्हणाला, “झालं.”

हुबेहूब. तोच सूर, तोच थकवा.

“झालं,” तो पुन्हा म्हणाला. “झालं. झालं.” आणि दर वेळी थांबून आमच्या तोंडाकडे बघायचा.

सूनबाई उघड्या तोंडानं त्याच्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की सवयीनं तिचे ओठ उघडताहेत, ती बोलणार आहे. तेवढ्यात आजी उठल्या. टेबल चाचपलं, लॅपटॉपची कड हाताला लागली आणि त्यांनी झाकण आपटून बंद केलं.

“तुझा नवरा फोनवर ताटकळलाय,” त्या म्हणाल्या. “बोल त्याच्याशी.”

सूनबाईनं मोबाइल दोन्ही हातांत धरला. “आईंचा गुडघा,” ती म्हणाली आणि रडायला लागली, “आईंचा गुडघा बरा आहे. तुम्ही या. झालं.”

आम्ही तिघी वाट बघत बसलो. कितीतरी वेळ खरखर. त्या उशिराचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद वाटला.

८

दुरुस्तीवाल्यानं जुना ड्रायव्हर आणून बसवला. घरचं वायफाय लागलं, चपलांच्या कपाटावरच्या डब्यातून, कुठल्याही खोलीत. बिननावाचं नेटवर्क यादीत होतं पण रेघा नव्हत्या. “आता विसरू द्यायचं का त्याला?” त्यानं विचारलं. सूनबाईनं स्वतः पुढे होऊन बटण दाबलं.

बोटवाला बाळाच्या आधी पोचला. वाळून काठी झालेला, पण पोचला. मुलगी झाली. आता तो दिवसभर तिला खांद्यावर टाकून फिरतो, आणि आजी ओरडतात, “पळू नकोस! माझा गुडघा बघ!”

लाँड्रीवाल्याला मी एकदा कोपऱ्यात घेतलंच. म्हटलं, ते वाक्य पुरं कर. त्याचा मेहुणा त्याच बोटीवर कामाला आहे. त्यानंच कळवलं होतं की बोटवाला बोटीवर नाही, कुठल्यातरी बंदरावर उतरवलाय.

“आणि ‘इथंच’?” मी विचारलं.

त्यानं इस्त्री आडवी ठेवली. “तुमच्या शेजारच्या बंद घराच्या खिडकीत माणूस बघितला होता मी, काकू. भरदुपारी. मला वाटलं, तोच असणार. चेहरा तोच होता.”

“तुझी अर्धी गोष्ट खरी आणि अर्धी खोटी,” मी ठणकावून सांगितलं. “बोटीवर नव्हता हे खरं. इथं होता हे खोटं. कुणाला सांगत फिरू नकोस.”

तो बरं म्हणाला. मीही सगळ्यांना तसंच सांगते, की अफवा अर्धीच खरी निघाली.

मधलं घर मी आता उघडत नाही. मालकांचा फोन आला होता, हवा खेळवता ना म्हणून. मी हो म्हटलं. खोटं बोलले.

माझं स्वयंपाकघर आणि मधलं घर ह्यांच्यात एकच भिंत आहे. चारला मी आजींकडे जायला निघते, तेव्हा गॅस बंद केला का ते बघायला त्या भिंतीपाशी थांबावं लागतं. परवा तिथं उभी होते. टाकीची मोटार खोकली. ती शांत होते तोच भिंतीपलीकडून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं, “कोण आहे रे? बाहेर ये, मी काही बोलणार नाही.”

मग जराशी शांतता.

मग, “झालं.”

आणि ते थांबलं. आता माझी पाळी होती. ज्या बाईनं जन्मात कुणाला उत्तराशिवाय ताटकळत ठेवलं नाही, ती मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून गॅसपाशी उभी राहिले, आणि बाहेरून आजी मला चहासाठी हाका मारत होत्या. निदान मी तरी असंच धरून चालले की त्या आजीच होत्या.